कंडक्टरच्या बायकोची खिडकी

रवळूअण्णांनी बेळगाव-निपाणी रस्त्यावर तीस वर्षं कंडक्टरकी केली आणि एवढ्या काळात एकही माणूस फुकट नेला नाही. हे ते स्वतःच येताजाता सांगत, त्यामुळे बेळगावातल्या त्यांच्या सगळ्या अनगोळ भागाला ते पाठ होतं. बायकोचं, जयाबाईंचं, माहेर निपाणीजवळचं. ती गाडीत चढली की अण्णा स्वतःच्या खिशातून पूर्ण तिकीट काढून तिच्या हातात देत आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "घरचं माणूस बसलं आणि प्याशिंजर उभं ऱ्हायलं, तर लोक तोंडात श्याण घालतील. ऊठ गं जया."

जया उठायची. गाडी फारच भरली तर तिला ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर टेकायला मिळे, तेही एखादी गरोदर बाई चढेपर्यंतच. वाटेतला तवंदीचा घाट जयाबाईंनी शेकडो वेळा ओलांडला, पण तो दिसतो कसा हे त्यांना सांगता यायचं नाही. उभ्या माणसांच्या पाठी कशा दिसतात, ते मात्र बैजवार सांगतील. अण्णांच्या सचोटीचा दोनदा सत्कार झाला. दोन्ही शाली अण्णांच्याच खांद्यावर पडल्या. ज्या बाईनं ती सचोटी उभी राहून निभावली, ती मागं चहाचे कप मोजत होती.

तर अशा या अण्णांच्या मुलाला, सौरवला, फिलिपाईन्सला मनिलामध्ये नोकरी लागली आणि त्यानं आईबापाला आठ दिवसांसाठी बोलावून घेतलं. गल्लीतल्या मंडळानं लगेच फलक लावला. त्यावर अध्यक्षांचा फोटो सगळ्यांत मोठा, अण्णांचा त्याखालोखाल, आणि अण्णांच्या डाव्या बाजूला कापताना राहिलेला जयाबाईंचा खांदा.

जयाबाईंनी तिथलं जेवण, उकाडा, विमानाची भीती, कशाचीच चौकशी केली नाही. फोनवर एकच विचारलं, "मला खिडकी मिळंल न्हवं रं?"

"मिळंल की आई. सगळीकडं तुझ्या नावानं खिडकीच घेतलीया."

बेळगावच्या सांबरा विमानतळावर विमानात चढून जयाबाई खिडकीशी बसल्या, पदर नीट केला, बाहेर बघायला मान वळवली, एवढ्यात एक नवं जोडपं आलं. दोघांच्या जागा लांब लांब पडल्या होत्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "बसा की ओ दोघं हितं! आमची बाई उठती." हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं तर ते अण्णांनीच. बेळगाव वरून कसं दिसतं ते त्या जोडप्यानंही पाहिलं नाही, दोघं मोबाईलमध्ये होती.

बेंगळूरहून पुढचं विमान रात्रीचं, त्यात खिडकी असून नसल्यासारखीच. मनिलाला सौरव भेटला आणि तिघं बोहोल नावाच्या बेटाकडे निघाली. त्या विमानात मागच्या रांगेतलं एक पोर रडायला लागलं. अण्णांनी मागं वळून त्याला जयाबाईंची खिडकी देऊन टाकली. पोर गप्प झालं, अण्णांना आसपासच्या चार लोकांनी हात जोडले, आणि जयाबाईंना समुद्राऐवजी त्या पोराचं डोकं दिसलं.

परतीचा सगळाच प्रवास अंधार पडल्यावरचा होता. म्हणजे उरली ती एक बस, बेटाच्या मधोमध असलेल्या गोल गोल टेकड्यांकडे जाणारी, दोन तासांची. जयाबाईंनी रात्रीच ठरवलं होतं, आता काही होवो, ही खिडकी सोडायची नाही. सकाळी त्या सगळ्यांच्या आधी चढल्या आणि खिडकीशी अशा बसल्या की जणू देवापुढे पाट मांडलाय. शेजारी अण्णा.

अण्णांना मात्र बसमध्ये बसवेना. ते मान वर काढून माणसं मोजत होते. तिथला कंडक्टर तिकिटाला पंचनं भोकं पाडत होता, त्याच्या हातातला पंच त्यांनी उलटा सुलटा करून पाहिला आणि 'बरा हाय' म्हणून परत दिला. मग गाडीत पाय ठेवायला जागा नसतानाही मोठ्यांदा म्हणाले, "हिंदक होग्री! हिंदक होग्री!" तीस वर्षं माणसांना मागं सरकवणारे ते कानडी शब्द ऐकून इथलेही दोघं खरंच मागं सरकले. सौरवनं एका लेकुरवाळीला आपली जागा दिली आणि आपण यांचे कुणी नाही अशा बेतानं तो पुढे जाऊन उभा राहिला.

बाहेर भाताची खाचरं होती, माडांची रांग होती, चिखलात म्हैस डुंबत होती. जयाबाईंना भरून आलं. म्हैस काय त्यांनी पाहिली नव्हती? पण चालत्या गाडीतून पाहिली नव्हती.

एका गावाशी बस थांबली. समोरून झेंडे, गर्दी, आरडाओरडा. अण्णांना एवढं पुरे होतं. सीमाभागात आंदोलन पेटलं की कुठल्या बाजूनं दगड येईल याचा नेम नसे.

"काच ओढ! खाली वाक!"

जयाबाईंनी काच ओढली आणि वाकल्या. सवयच तशी. मग कानावर बँड आला. डोकं वर करून पाहतात तर गावजत्रेची मिरवणूक, फुलांनी मढवलेला देव खांद्यावर, आणि लोक नाचताहेत. निम्मी मिरवणूक त्यांनी स्वतःचे गुडघे बघत घालवली होती. आता त्यांना राग आला, आणि बऱ्याच वर्षांनी तो गिळावासा वाटला नाही.

मिरवणूक पुढं गेली, चारपाच माणसं बसमध्ये चढली. त्यात टोपली घेतलेली एक म्हातारी होती. ती येऊन अण्णांच्या सीटला धरून उभी राहिली.

"ऊठ गं जया," अण्णा म्हणाले.

जयाबाई बाहेरच बघत राहिल्या.

"अगं ऐकू येईना व्हय? म्हातारी उभी हाय. तिकीट काय पळून जातंय?"

"तिकीट तवाबी हुतं," जयाबाई म्हणाल्या. "तीस वर्षं तिकीट काढून उभी ऱ्हायले. त्या समद्या तिकिटांवर आज बसलीया. तुमीबी बसलाय न्हवं? तुमी उठा की."

आपणही बसलेले आहोत, हे अण्णांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कंडक्टर कधी बसतो का? त्यांनी सौरवकडे पाहिलं, तर सौरव छताकडे बघत होता. अण्णा उठले. म्हातारी बसली, तिनं टोपलीतलं केळं काढून जयाबाईंच्या हातात ठेवलं. अण्णांना कुणी हात जोडले नाहीत.

पुढं वळणं लागली. वरची दांडी धरून अण्णा डावीकडे जात, उजवीकडे जात. जयाबाईंना त्यांची कीव आली, पण उठावं इतकी नाही. एका वळणावर अण्णांचं पोट म्हातारीच्या डोक्यावरून थेट खिडकीवर आलं आणि नेमक्या टेकड्या दिसायच्या बंद झाल्या.

जयाबाईंनी केळं सोलत, मान न वळवता म्हटलं, "हिंदक होग्री."

अण्णा मागं सरकले.