व्हॉइड डेकवरचं भौतिकशास्त्र

पदवी कोणत्याही विषयाची चालेल, असं मेडिकल कॉलेजच्या माहितीसत्रात सांगितलं तेव्हा माझ्या शेजारी बसलेली मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिची पदवी संगीतातली होती, ती व्हायोलिन वाजवायची. मी नागपूरहून एम.एस्सी. होऊन लग्नानंतर सिंगापूरला आलेली, एका संशोधन प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांवर काम करणारी, शाळेत जाणाऱ्या मुलीची आई. त्या सभागृहात माझ्या वयाचं फारसं कोणी नव्हतं.

आपल्याकडे डॉक्टर व्हायचं की नाही ते बारावीलाच ठरून जातं. मला बारावीला थोडे गुण कमी पडले, मी मायक्रोबायॉलॉजीकडे वळले आणि खरं सांगायचं तर फारशी हळहळलेही नाही. पण इथे आल्यावर एका अभ्यासासाठी मला वॉर्डात जाऊन पेशंटची संमती घ्यावी लागायची. तिथे एका तमिळ आजीने माझा हात धरून, मला तिची भाषा कळत नाही हे माहीत असूनही, स्वतःच्या पायाच्या जखमेबद्दल बराच वेळ सांगितलं. मी नमुना घेऊन प्रयोगशाळेत परतले. त्या दिवशी मला परतायचं नव्हतं. तिथेच थांबायचं होतं. पदवीनंतर प्रवेश देणारं मेडिकल कॉलेज या शहरात आहे हे मी त्यानंतर शोधून काढलं.

सत्र संपल्यावर मी तिथल्या अधिकाऱ्याला भेटले. तो तरुण होता आणि फार सौजन्याने बोलत होता. माझे पदवीचे गुण चौसष्ट टक्के. त्याने विचारलं, "आऊट ऑफ हंड्रेड?"

मी म्हटलं, "हो. आमच्याकडे याला फर्स्ट क्लास म्हणतात."

माझ्या या चौसष्टावर आईने गल्लीभर पेढे वाटले होते, हे त्याला कसं सांगणार? त्याने समजूतदारपणे मान हलवली आणि म्हणाला की प्रत्येक देशाची पद्धत वेगळी असते हे त्यांना ठाऊक आहे, पण माझ्या बाबतीत प्रवेश परीक्षेचे गुण जास्त बोलतील. तुम्हाला विज्ञान झेपतं, हे तिथे दिसलं पाहिजे. शिफारसी, निबंध, मुलाखत हे सगळं त्यानंतर. परीक्षेत जीवशास्त्र होतं, ते माझं रोजचंच. रसायन होतं, तेही जमण्यासारखं. आणि फिजिक्स होतं. फिजिक्सला मी बारावीनंतर हात लावला नव्हता, आणि बारावीतही तो विषय पाठ करून निभावला होता.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने विरोध केला नाही. तो हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत इंजिनिअर. तो एवढंच म्हणाला, "फिजिक्स तुला बाबा शिकवतील." आणि आम्ही दोघंही हसलो, कारण तेव्हा बाबा आणि मी दिवसाकाठी चार वाक्यंही बोलत नव्हतो.

बाबा म्हणजे माझे सासरे. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात त्यांनी जन्मभर हायस्कूलला विज्ञान शिकवलं. सासूबाई गेल्यावर नवरा त्यांना चोआ चू कांग भागातल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आला. सकाळी आंघोळ करून बुद्धमूर्तीपुढे वंदना म्हणायचे, मग खिडकीशी बसून खालून जाणारी एलआरटीची छोटी रेल्वे बघायचे. मी विचारायचे, "बाबा, चहा घेणार?" ते म्हणायचे, "घेईन." मी विचारायचे, "पोळी अजून देऊ?" ते म्हणायचे, "नको." नातीशी बोलायचे तर ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि इथल्या पोरांसारखं प्रत्येक वाक्याच्या शेवटी "लाह" जोडायची. ते मला म्हणाले होते, "ती नकार देते की होकार, तेच कळत नाही." त्या महिन्यातलं ते त्यांचं सगळ्यात लांब वाक्य असेल.

एका शनिवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर गणितं सोडवत होते. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याचं गणित होतं. बाबा पाण्याचा पेला घ्यायला आले आणि माझ्या मागे थांबले.

"बेटा, हे तू चुकीच्या टोकाने धरलंस."

मी वही त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती घेतली नाही.

"आकडे नंतर. आधी सांग, ठोकळ्यावर कोण कोण जोर लावतंय?"

"ग्रॅव्हिटी. फ्रिक्शन."

"आणि?"

ते खुर्ची ओढून बसले. "तू या खुर्चीवर बसलीस. गुरुत्वाकर्षण तुला खाली ओढतंय. मग तू खाली पडत का नाहीस?"

"खुर्ची आहे म्हणून."

"मग खुर्चीही काही करत असेल ना. फुकट थोडीच बसू देते."

तिथून ते सुरू झालं. घरात टीव्ही, मुलीचा गोंधळ, म्हणून आम्ही खाली जाऊ लागलो. इथल्या सरकारी इमारतींना तळमजल्यावर घरं नसतात. खांबांमधली ती मोकळी जागा, तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे बुद्धिबळाचे पट कोरलेली दगडी टेबलं असतात, त्यांवर दुपारी म्हातारे चिनी आजोबा खेळत बसतात. सकाळी ती रिकामी असत. मी कामावर निघण्याआधी आम्ही तिथे बसायचो. वारा बरा असायचा आणि पलीकडच्या कॉफीशॉपमधून भाजलेल्या टोस्टचा वास यायचा.

अडचण भाषेची निघाली. बाबांचं सगळं विज्ञान मराठीत होतं. मी इंग्रजीत शिकले होते. ते म्हणायचे त्वरण, मी मनात म्हणायचे ॲक्सेलरेशन. ते म्हणायचे संवेग, मला थांबून विचारावं लागायचं. पहिले काही दिवस आम्ही दोघंही एकमेकांचे दुभाषे होतो. मग हळूहळू उलटच झालं. ॲक्सेलरेशन हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता, पण त्याच्या आत कधी पाहिलं नव्हतं. त्वरण म्हटलं की त्यातली त्वरा ऐकू यायची. जडत्व म्हटलं की जड झालेलं, जागचं न हलणारं काहीतरी डोळ्यांसमोर यायचं. अपवर्तन शिकवताना ते म्हणाले, "वर्तन म्हणजे वागणं. प्रकाश काचेत शिरला की त्याचं वागणं बदलतं. सासरी गेलेल्या मुलीसारखं." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाशी बोलतोय, आणि ते टेबलावरचा पट बघत बसले. मला हसू आवरेना. थोड्या वेळाने तेही हसले. सासऱ्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लिफ्टचं प्रकरण त्याच सुमारास झालं. लिफ्ट वेग घेत खाली जाताना वजन कमी का भासतं, हे मला सूत्राने कळत होतं पण पटत नव्हतं. बाबांनी कुठूनतरी काट्याचा वजनकाटा आणवला आणि एका सकाळी आम्ही तो लिफ्टमध्ये ठेवला. बाबा पायजमा-सदऱ्यात त्यावर उभे, मी खाली बसून काटा वाचतेय. लिफ्ट खाली निघाली की काटा मागे सरकायचा, मधे जागेवर यायचा, थांबताना पुढे जायचा. आम्ही वर-खाली करत राहिलो.

एकदा आमच्या मजल्यावर दार उघडलं आणि आमच्या शेजारच्या चिनी आंटी भाजीची ट्रॉली घेऊन आत आल्या. त्यांनी बाबांकडे बघितलं, काट्याकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, "अंकल, बिफोर ब्रेकफास्ट, आह?"

मी त्यांना समजावलं की आम्ही अभ्यास करतोय, खाली जाताना वजन कमी दिसतं. त्यांना ते फार आवडलं. बाबांना बाजूला करून त्या स्वतः काट्यावर चढल्या. लिफ्ट खाली निघताच काटा मागे सरकला. "गुड, गुड," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला सांगते, माझं वजन लिफ्टमध्ये घे." नंतर बाबा दिसले की त्या नेहमी त्यांना "टीचर" म्हणायच्या, आणि बाबा मानेने नमस्कार करायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

पहिल्या वर्षी माझे गुण कमी पडले. फार नाही, पण मुलाखतीला बोलावणं येण्याइतके नव्हते. फिजिक्सनेच खाली ओढलं होतं. प्रश्न कळायचे, वेळ पुरायचा नाही. नवरा म्हणाला, "तू प्रयत्न केलास, यातच आलं सगळं." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, पण मला ते निरोपासारखं वाटलं. मी पुस्तकं माळ्यावर टाकली. बाबांना मी नीट सांगितलंसुद्धा नाही. नवऱ्याने सांगितलं असावं. त्यांनी मला काही विचारलं नाही. आम्ही पुन्हा चहा आणि पोळीवर आलो.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी मी कामाला निघताना शेजारच्या आंटी दारात भेटल्या. म्हणाल्या, "तुझे टीचर खाली वाट बघतात. रोज बघतात. तू जात का नाहीस?"

मला वाटलं होतं, बाबा फिरायला जातात. मी खाली गेले. ते आमच्याच टेबलाशी बसले होते, समोर काही नव्हतं, पुस्तक नाही, पेपर नाही. मी समोर बसले.

"बाबा, मला नाही वाटत जमेल."

"माझ्या शाळेत," ते म्हणाले, "दहावीला नापास झालेली पोरं ऑक्टोबरला बसायची. मी त्यांना कधी विचारलं नाही, जमेल का म्हणून. त्यांना विचारायचो, कुठला धडा राहिला." मग त्यांनी मला विचारलं, "तुझा कुठला राहिला?"

"भिंगं," मी म्हटलं. "आणि वीज."

"भिंगं सोपी आहेत. ती आधी घेऊ."

त्या दिवशी मी कामावर उशिरा पोचले. बाबांनी टेबलावर बोटाने, माझ्या बाटलीतल्या पाण्याने, बहिर्गोल भिंग काढलं होतं. वाऱ्याने ते वाळून जायचं आणि ते पुन्हा काढायचे.

ते दुसरं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष असावं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र तसं काही वाटत नव्हतं. तेव्हा मी दमलेली असायचे, मुलीच्या शाळेच्या सूचना विसरायचे, प्रयोगशाळेत डुलक्या काढायचे. पण सकाळच्या त्या वेळेची मी वाट बघायचे. एकदा गणित लवकर सुटलं तर बाबांनी आपण होऊन सासूबाईंची गोष्ट सांगितली. लग्नानंतर बाबांनी त्यांना घरीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं. त्या म्हणायच्या, तुम्ही नवरा म्हणून बरे आहात, पण मास्तर म्हणून फार कडक. "तुला कडक वाटतो का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग म्हातारा झालो."

त्या वर्षी परीक्षा चांगली गेली. विजेचा एक प्रश्न वाचताना माझ्या डोक्यात रेझिस्टन्सऐवजी 'रोध' आला, बाबांच्या आवाजात, आणि मग बाकीचं आपोआप सुचत गेलं. गुण हवे तेवढे मिळाले. मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीत तिघं होते. त्यातल्या एका बाईंनी माझं वय, मुलगी, नोकरी सगळं विचारून झाल्यावर विचारलं, "यंदाही नाही झालं तर?"

"पुन्हा बसेन."

"किती वेळा?"

"माझे शिक्षक थकेपर्यंत," मी म्हटलं. त्यांनी विचारलं कोण शिक्षक, आणि मी सांगितलं. त्यांना भंडारा कुठे आहे तेही सांगावं लागलं.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा बाबा खिडकीशी होते. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "तिथे फिजिक्स असतं का?"

"फारसं नाही, बाबा."

"मग माझं झालं," ते म्हणाले. नवऱ्याने त्यांना राहायचा पुष्कळ आग्रह केला, पण कॉलेज सुरू व्हायच्या आतच ते गावी गेले. तिकडे घर होतं, जुने विद्यार्थी होते, भाषा होती. विमानतळावर आत जाताना त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहतील असं मलाही वाटलं नव्हतं.

पुढची वर्षं कशी गेली ते मला धड सांगता येणार नाही. वॉर्ड, परीक्षा, पुन्हा वॉर्ड. मुलगी तेवढ्यात उंच झाली. आम्ही मरीन परेडला राहायला आलो, हॉस्पिटलला जाणं सोपं पडतं म्हणून. आता कधी प्रयोगशाळेतली एखादी तरुण मुलगी येऊन विचारते, मॅडम, प्रवेशाला काय काय लागतं? मी तिला पदवी, गुण, परीक्षा, शिफारसी, सगळं सांगते. माझं सांगून झालं तरी काही राहिलंय असं मला वाटत राहतं, पण ते लागतं असं म्हणता येत नाही, कारण ते ज्याला मिळतं त्यालाच मिळतं.

बाबा आता पुष्कळ म्हातारे झालेत. रविवारी फोन होतो. एका कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मला मोठ्याने बोलावं लागतं. रक्तदाब आहे, पायाला सूज येते, आणि मी डॉक्टर आहे. साहजिकच आमचं बोलणं त्याचंच असतं. माझ्या आवाजात हुकूम येतो, तो मला ऐकू येतो, पण आवरत नाही.

"बाबा, गोळी घेतली का?"

"घेतली."

"सकाळची?"

ते म्हणतात, "आता घेतो," आणि फोन तसाच ठेवून पाणी आणायला जातात. मी त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत थांबते.