सर्वांत गुबगुबीत अळी

चेन्नईच्या प्रयोगशाळेत माझं काम अळ्यांचं. मृतदेहावर माश्या अंडी घालतात, त्यातून अळ्या निघतात. अळी किती दिवसांची ते कळलं, की माणूस कधी गेला त्याचा अंदाज येतो. पण माश्यांच्या काही जाती भराभर वाढतात, काही रमतगमत, आणि लहानपणी सगळ्या अळ्या दिसतात सारख्याच. म्हणून आधी डीएनएवरून जात ठरवायची.

एकदा पोलिसांकडून आलेल्या एका कुपीत चौदा अळ्या होत्या. एका ठेकेदाराचा मृतदेह तळ्याकाठी सापडला होता. शुक्रवारी सकाळी लोकांनी त्याला चहाच्या दुकानात पाहिलं होतं. संशय ओरगडमच्या कारखान्यातल्या एका कामगारावर. शुक्रवारी तो सकाळपासून दोन पाळ्या कारखान्यात होता, यंत्रावर त्याच्या अंगठ्याची हजेरी होती. शनिवारी त्याला सुट्टी. म्हणजे शुक्रवार की शनिवार, एवढाच प्रश्न. मी आमच्या सवयीप्रमाणे सर्वांत गुबगुबीत अळी उचलली. जाड अळीतून डीएनए भरपूर मिळतो, काम एका दमात होतं. भराभर वाढणारी जात निघाली, म्हणजे एवढी जाड असूनही वय कमीच. मी शनिवार लिहिलं, सही ठोकली आणि डबा खायला गेले.

साक्षीचं समन्स आलं तेव्हा फाइल काढली आणि मनात काहीतरी खुटखुटलं. उरलेल्यांतल्या चार बारक्या अळ्या तपासल्या. चारही संथ वाढणाऱ्या जातीच्या. म्हणजे बारक्याच वयाने मोठ्या होत्या. ठेकेदार शुक्रवारी दुपारीच गेला होता, आणि तेव्हा तो कामगार कारखान्यात होता.

फाइल घेऊन तशीच आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेले. त्यांनी दार लोटून घेतलं.

"रिपोर्ट गेला ना, अम्मा? कोर्टात विचारतील तेवढंच सांगायचं. हे कबूल केलंस तर आपल्या सगळ्या जुन्या केसेस उकरतील."

साहेब वाईट माणूस नाहीत. मी तापाने पडले होते तेव्हा चार दिवस त्यांच्या घरून रसम यायचं. म्हणूनच जास्त कोंडल्यासारखं झालं. चिडायला स्वतःशिवाय कुणी सापडेना. दुरुस्तीचं पत्र दिलं, ते त्यांच्या टेबलावर पडून राहिलं. पंधरा दिवस मी मेट्रोने जात-येत होते आणि तो माणूस माझ्या सहीमुळे आत होता. मला माझीच किळस आली.

साक्षीच्या दिवशी मी पिंजऱ्यात उभी राहिले. सरकारी वकिलांनी रिपोर्ट दाखवला. हो, सही माझीच. मग आरोपीचा तरुण वकील उठला, कागद चाळले, "प्रश्न नाहीत" म्हणाला आणि बसला. अळ्यांबद्दल काय विचारायचं हेच त्याला ठाऊक नव्हतं. आरोपी भिंतीशी उभा राहून माझ्याकडे बघत होता. ही बाई कोण, कशाला आली, याचा त्याला पत्ता नव्हता. साहेब मागच्या बाकावर होते.

न्यायाधीशांनी मला उतरायची खूण केली. पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झाला.

मी तिथेच उभी राहिले.

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हणाले, "पण चौदांपैकी मी एकच अळी तपासली होती."