एक अक्रोड उरला

आँसेल्म काब्रिन्याकला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो आमच्या चौकातल्या चिनाराला मिठी मारून उभा होता. चौदा जुलैच्या राष्ट्रीय सणाच्या पताका लावायला पहाटेच आला होता. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आता जमिनीवर नाही. तिसरी म्हणजे खालून तिसरी. तिथेच त्याचे हातपाय गळाले. मी कॅफे उघडायला आलो आणि त्याला उतरवायला लागलो. त्या उतरण्यात माझी दाढी बोटभर वाढली, दुकानातलं ताजं चीज मुरून विकायला तयार झालं, आणि शिडीच्या वाळक्या लाकडाला पालवी फुटली.

शेवटी मी त्याचे घोटे धरून म्हणालो, "साहेब, जमीन हातभर खाली आहे हो."

डोळे घट्ट मिटून तो म्हणाला, "किती खाली ते सांगू नका. नुसतं 'आहे' म्हणा."

त्याने मला शपथ घातली की हे कुणाला बोलायचं नाही. पुढच्याच महिन्यात आमच्या महापौर वेसाद बाईंनी त्याला टेकडीवरच्या रोकसेर्व बुरुजाचा वाटाड्या नेमलं. अठ्ठ्याण्णव पायऱ्या, वर उघडी गच्ची, दक्षिणेकडचा कठडा शंभर वर्षांपूर्वी ढासळलेला, तिथे एक लोखंडी दांडा. मी त्याला म्हटलं, "अरे मर्दा, हत्तीला कुणी जरीकाम सांगतं का?" तो म्हणाला, "फिर्मँ, बायको गेल्यापासून घरात भिंतींशी बोलतो. त्यापेक्षा बुरुजाच्या भिंती बऱ्या, त्यांना इतिहास तरी आहे."

आणि इतिहास त्याला तोंडपाठ होता. जन्मभर कौलं विकली त्याने, एकही छप्पर वरून न पाहता. तीच विद्या इथे कामी आली. बुरुजाच्या दाराशी बाकावर बसून तो पाहुण्यांना असं काही सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस वरच झोपतो. "वर गेलात की डावीकडे वळा. आधी नदीचं वळण दिसेल, चांदीच्या विळ्यासारखं. मग सावकाश सात गावांच्या चर्चचे सात मनोरे मोजा. घाई करू नका, मी कधीच करत नाही." हे सगळं त्याच्या आजोबांनी सांगितलेलं. एकोणीस वर्षांत तो स्वतः एकही पायरी चढला नाही. "गुडघा," एवढंच म्हणायचा आणि निरोगी गुडघा चोळायचा.

वर किती माणसं आहेत हे कळायला त्याने एक युक्ती काढली होती. सुपाच्या जुन्या वाडग्यात तो माणसामागे एक अक्रोड टाकायचा. माणूस उतरला की तोच अक्रोड त्याच्या हातावर ठेवायचा, आठवण म्हणून. वाडगा रिकामा झाला की दाराला कुलूप. एकोणीस वर्षांत कधी चूक झाली नाही.

त्या सप्टेंबरात जुन्या वास्तू बघायचे दोन दिवस होते, तेव्हा सगळा फ्रान्स किल्ले-देवळं बघत फिरतो. आमच्याकडे एक्केचाळीस माणसं आली, म्हणजे आमच्या मानाने जत्राच. सकाळपासून ओतँ वारा सुटला होता. हा वारा दक्षिणेकडून येतो आणि म्हातारे म्हणतात, गाढवांना वेड लावतो. संध्याकाळी सहाला मी नेहमीसारखी वाइनची बाटली घेऊन टेकडी चढलो. आँसेल्म बाकावर बसला होता, चेहरा पिठासारखा. मांडीवर वाडगा, वाडग्यात एक अक्रोड.

"खाऊन टाक," मी म्हटलं.

"फिर्मँ, वर कुणीतरी आहे."

"हाक मार की."

"तासभर मारतोय."

मी जिन्यात डोकं घालून ओरडलो. वरून फक्त वारा आला, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा. कोण राहिलं असेल? त्याला आठवलं, पाठीवर पिशवी लावून एकटी चालत आलेली एक बाई, हिरवी टोपी, दुपारी चारच्या सुमारास. मग आम्ही दोघांनी एकाच वेळी दक्षिणेच्या बाजूला, बुरुजाच्या पायथ्याशी काटेरी झुडपांकडे पाहिलं. तिकडे जायची हिंमत मला होईना. तरी गेलो. झुडपात काही दिसलं नाही. पण ती झुडपं इतकी दाट की एक घोडा पडला असता तरी दिसला नसता.

"अग्निशामकवाल्यांना फोन करू," मी म्हटलं.

"ते चाळीस मिनिटांनी येतील. आणि पहिला प्रश्न काय विचारतील? 'तुम्ही वर जाऊन पाहिलंत का?'" त्याचा आवाज फाटला. "मग वेसाद बाईंना कळेल. मग हे पण जाईल, फिर्मँ." त्याने बुरुजावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. "पण ती बाई तिथे पडली असली तर? चाळीस मिनिटं?"

मी म्हटलं, "थांब, मी जातो." खूप उदारपणे म्हटलं आणि चौतिसाव्या पायरीला अडकलो. तो चक्री जिना उपाशी सैनिकांसाठी बांधलेला आहे, कॅफेवाल्यांसाठी नाही. पोट पुढच्या भिंतीला, पाठ मागच्या. अंधार. मी कसाबसा एका भिंतीतल्या कोनाड्यात शिरून बाजूला झालो, आणि आँसेल्म माझ्या पुढून गेला. चार पायांवर. भिंतीला लावलेली दोरी दोन्ही हातांनी धरून. त्याचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होतं.

"पस्तीस," तो म्हणाला. "छत्तीस. फिर्मँ, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या दे."

मी शिव्या दिल्या. भित्रा ससा म्हटलं, ओली पावरोटी म्हटलं, कौलवाल्या म्हटलं. वरून आकडे येत राहिले. पन्नासच्या पुढे भिंतीत फटी आहेत. त्यांतून बाहेर किती खोल आहे ते दिसतं. तिथे तो थांबायचा, आणि मला कळायचं की आता डोळे मिटून एका फटीसमोरून जातोय. त्रेसष्टला एकदम फडफड झाली, जणू कुणी झगा झटकला, आणि त्याने जी किंकाळी फोडली ती ऐकून माझ्या काळजाचं पाणी झालं. पारव्यांचा थवा होता. माझ्या तोंडावरून गेला. मी ओठ मिटायला विसरलो होतो, त्याचा परिणाम इथे लिहीत नाही.

"एकाहत्तर," वरून आलं. मग काही नाही.

"बहात्तर म्हण!" मी ओरडलो. "आँसेल्म! बहात्तर!"

बराच वेळ वारा. मग अगदी बारीक आवाज. "फिर्मँ, इथे हिरवी टोपी आहे. नुसती टोपी."

मला शिवीसुद्धा सुचेना. खाली जावं तर त्याला सोडून कसं जावं, वर जावं तर पोट. उभ्या आयुष्यात मी प्रार्थना करतो ती ग्राहक यावेत म्हणून. त्या कोनाड्यात मी पहिल्यांदा दुसऱ्या कुणासाठी केली. वर पुन्हा आकडे सुरू झाले, आता रडत रडत. शहाण्णव. सत्त्याण्णव. मग वाऱ्याने सगळं खाऊन टाकलं.

वर काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. गच्चीच्या मधोमध ती बाई पोटावर पालथी पडली होती, दगडाच्या सांध्यांत बोटं रुतवून. जिवंत. लील शहराच्या बाजूच्या, निवृत्त परिचारिका, देल्वाल बाई. बाकीचे लोक उतरले, या मागे राहिल्या, आणि कठडा नाही हे बघताच पाय गेले; टोपी वाऱ्याने जिन्यात उडवली. हाका ऐकू येत होत्या, पण घशातून आवाज फुटत नव्हता. आँसेल्म जिन्याच्या तोंडातून सरपटत बाहेर आला आणि तिच्या शेजारी तसाच पालथा पडला. एकमेकांशी तोंडओळख अशी झाली.

ती पुटपुटली, "तुम्हीपण?"

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला.

धीट माणसाने तिला 'खाली बघू नका, काही नाही होत' असं सांगितलं असतं. आँसेल्म असलं काही बोलला नाही. त्याने सांगितलं, "होतं. खूप होतं. आता जिन्याकडे सरका. पाय आधी. बसून. एक पायरी म्हणजे एक दिवस समजा. उद्याचं उद्या बघू." तसे ते दोघे उतरले, बुडावर बसत, आधी तो, मागून ती, तिचा बूट त्याच्या खांद्यावर. माझ्याजवळ पोचायला त्यांना पाऊण तास लागला. तिथून माझं पोट बाहेर ढकलायला दोघांनी जोर लावला, ही त्या दिवसातली सर्वांत मोठी बचावमोहीम.

खाली आल्यावर त्याने वाडग्यातला अक्रोड उचलला आणि बाईंच्या हातावर ठेवला. बाई त्याच्या गळ्यात पडून रडल्या. तोही रडला. मी बाटली उघडली.

बाई गेल्यावर तो म्हणाला, "फिर्मँ, मी वर एक डोळा उघडला होता. क्षणभर."

"मग?"

"नदी दिसत नाही. ओकची झाडं वाढली आहेत. मनोरा फक्त एक दिसतो, आणि तो आपलाच." त्याने पेला ठेवला. "एकोणीस वर्षं लोक खाली येऊन मला सांगतात, 'काय सुंदर नदी हो!'"

त्यानंतरच्या रविवारी तो गावातून ताठ मानेने चालला. मी कुणाला काही बोललो नाही. बोलल्या त्या देल्वाल बाई. महिन्याभरात त्यांचं कृतज्ञतेचं चार पानी पत्र नगरपालिकेत आलं: तुमचा वाटाड्या, ज्याला उंचीची एवढी भीती की तो एकोणीस वर्षांत कधी वर गेला नव्हता, तो माझ्यासाठी डोळे मिटून, रांगत वर आला. वेसाद बाईंनी ते भर सभेत वाचलं. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग बुरुजाच्या विमावाल्यांनीही ते वाचलं.

आता बुरुजाला कुलूप आहे. आँसेल्म गुरुवारी दुपारी गावच्या वाचनालयात बसतो. ते तळमजल्यावर आहे.