जिमखान्यावरची थप्पड

चेतनाला डाव्या कानानं ऐकू येत नसे. लग्नाच्या पहिल्याच उन्हाळ्यात नवरा आंघोळीला गेला असताना त्याचा वाजणारा फोन तिनं उचलला, एवढंच निमित्त झालं होतं. डॉक्टरांना सांगितलं, कपाटाचं दार लागलं.

माहेर तिचं प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी. वडिलांची पपईची बाग होती. सासरे चुडामण पाटील नंदुरबारला घर बांधून राहिलेले, आणि नवरा योगेंद्र कापसाच्या एका जिनिंग मिलमध्ये मॅनेजर. बाहेर हा माणूस फार गोड. कुणाच्या घरी लग्न असो, कुणाचा बाप दवाखान्यात असो, योगेंद्र सगळ्यांच्या आधी हजर. घरात मारायची वेळ आली की तो आधी टीव्हीचा आवाज वाढवायचा. ओरडत नसे, शिव्याही देत नसे. दात आवळून मारायचा. कधी पट्ट्यानं, कधी चपलेनं, एकदा मिक्सरच्या भांड्यानं. पाचव्या महिन्यात पोटात लाथ बसली आणि मूल गेलं. तेव्हा सासू धनुबाई दवाखान्यात उशाशी बसून म्हणाली होती, "माणूस शे, हात उचलसच. बाईले सोसनं पडस."

चेतना सोसत राहिली. माहेरी वडील थकलेले, आणि धाकटी बहीण रुपा नवापूरला स्वतःच्या संसारात.

त्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या जिमखान्यावर टेनिसची स्पर्धा भरली. पुरुषांची, व्यावसायिक खेळाडूंची. जगातले अव्वल नव्हेत, त्यांच्या खालच्या फळीतले; पण परदेशी खेळाडू नंदुरबारला येणार म्हणजे गावाला अप्रूप. मैदानाला निळा रंग देऊन घेतला होता मिलचे मालक धर्मचंद शेठ यांनी, आणि शेठनीच योगेंद्रला दोन पास दिले.

"चांगली साडी नेस," योगेंद्रनं बजावलं. "लोक टाळ्या वाजवतीन तव्हयच वाजव. शेठ आपला मांगेच बठतीन."

तिच्या डाव्या दंडावर आठवड्यापूर्वीचा वळ होता. तिनं लांब बाह्यांचा ब्लाउज घातला.

दुपारची मॅच होती. चेतनाच्या डावीकडे योगेंद्र, उजवीकडे सरलाबाई नावाच्या निवृत्त परिचारिका, आणि मागच्या रांगेत धर्मचंद शेठ पाहुण्यांसह. खेळत होते एक चेन्नईचा सडपातळ मुलगा आणि एक लाल टोपीवाला दांडगा परदेशी. खेळ तिला कळत नव्हता, पण मार कळत होता. लाल टोपीवाला प्रत्येक चेंडू जणू कुणाचं तरी तोंड फोडायचं आहे असा हाणायचा. एक चेंडू रेषेजवळ उभ्या असलेल्या पंचाच्या बरगडीत बसला आणि तो माणूस गुडघ्यावर आला. सगळ्यांत नवल वाटलं ते शांततेचं. चेंडू वर उडाला की शेकडो माणसं गप्प. खुर्चीचा करकर आवाजही ऐकू यावा इतकी गप्प.

लाल टोपीवाला हरायला लागला. एक गुण गेला तशी त्यानं रॅकेट जमिनीवर आपटली. उंच खुर्चीवरच्या पंचानं माइकवर ताकीद दिली. थोड्या वेळानं त्यानं दुसरी रॅकेट काढून ती जमिनीवर पुन्हा पुन्हा आपटली. तारा तुटल्या, दांडा मोडला, एक तुकडा जाळीपर्यंत उडाला. पंच पुन्हा काहीतरी बोलला आणि फळ्यावरचा आकडा बदलला.

"काय व्हयनं?" चेतनानं सरलाबाईंना विचारलं.

"दंड लागना त्याले. गुण कापायना. आखो करं ते आख्खा गेम जाई. मंग बी नही ऐकं ते हाकली देतीन."

"पन रॅकेट ते त्यानीच शे ना?"

"त्यानीच शे. तरी बी."

चेतनाला हसू आलं. आधी ओठांत, मग तोंडावर हात धरून, मग हातातही मावेना. स्वतःच्या मालकीची वस्तू फोडली म्हणून या धिप्पाड माणसाला चारचौघांत शिक्षा झाली होती, आणि तो मान खाली घालून पुढच्या चेंडूला उभा राहिला होता. चेन्नईचा मुलगा सर्व्हिस करायला थांबला. पंचानं स्टँडकडे बघून शांत राहायला सांगितलं. माना वळल्या.

योगेंद्र तिच्या डाव्या कानाशी पुटपुटला, "हासू नको. शेठ मांगे बठेल शेतस."

तो बहिरा कान. तिला काहीच ऐकू गेलं नाही. ती हसतच राहिली. त्यानं दंडावरच्या वळावर नखं रुतवली, तरी तिचं हसू थांबेना. चेन्नईच्या मुलानं चेंडू वर उडवला, सगळा जिमखाना चिडीचूप झाला, आणि योगेंद्रनं तिच्या थोबाडीत मारली.

आवाज पार समोरच्या स्टँडपर्यंत गेला. चेंडू खाली पडून दोन टप्पे उसळला. खेळाडू दोघेही वर बघत होते, पंचही. टीव्ही नव्हता, भिंती नव्हत्या. योगेंद्रनं सवयीनं हसून हात हलवला. "काही नाही, काही नाही. चालू द्या." दुसऱ्या हातानं त्यानं तिची मान मागून धरून खाली दाबली.

मांडीवर पाण्यानं भरलेली स्टीलची बाटली होती. चेतनानं ती फिरवली. पहिला घाव त्याच्या नाकावर बसला. हाड मोडल्याचं तिला हातात कळलं. तो केसांना धरून तिला खुर्च्यांमधून ओढू लागला. ती गुडघ्यांवर पडली, त्याच्या मनगटाला कडकडून चावली, त्यानं पकड सोडली तशी उठली आणि पुन्हा मारलं. भुवई फुटली. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर, मागच्या रांगेत शेठच्या बुटांवर उडालं. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा सरलाबाईंनी तिला कमरेला विळखा घातला.

"घर का मामला है," धर्मचंद शेठ रुमालानं बूट पुसत म्हणाले. "बाहर जाकर निपटाओ."

"नही शेठ," सरलाबाई म्हणाल्या. "घरमा नही व्हयनं हाई. आठे व्हयनं, आम्ही दखं. आते पोलीस आठेच येतीन."

पोलीस ठाण्याच्या आवारात चुडामण पाटील आले ते काठी घेऊनच. "मन्हा पोऱ्यानं नाक फोडं इनी!" म्हणत त्यांनी हवालदारासमोर सुनेच्या खांद्यावर काठी घातली. हवालदारानं काठी हिसकावली. दोन्हीकडून तक्रारी झाल्या. बाई पागल झाली असं म्हणणारेही निघाले, आणि साक्ष द्यायला सरलाबाई सोडून त्या स्टँडमधलं कुणी पुढे आलं नाही.

बहिणीनं, रुपानं, तिला नवापूरला नेलं. रुपाचा नवरा हेमकांत याचं कोंबड्यांचं फार्म आहे. चेतना शेडमध्ये खाद्य घालू लागली, मेलेली पाखरं वेचू लागली.

योगेंद्र तिथेही आला. नाक वाकडं, हातात लोखंडी पहार. भरदुपारी त्यानं शेडची जाळी फोडली, पाण्याचे पाइप तोडले. घाबरलेल्या कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरून मरायला लागल्या. चेतना आवाज ऐकून धावली.

"चाल घर," तो म्हणाला.

"मी नही येस."

पहार तिच्या उजव्या खांद्यावर बसली. ती भिंतीला टेकलेल्या फावड्यावर कोसळली, तेच तिनं डाव्या हातानं उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं. तो पिसांच्या, विष्ठेच्या भुशात पडला. हेमकांत आणि मजूर धावून आले. त्यांनी त्याला निंबाला बांधलं आणि लाथा घातल्या. चेतना बघत होती. थांबा असं ती म्हणाली नाही. रुपाच मध्ये पडून ओरडली, "मरी जाई तो! सोडा!"

पोलीस येईपर्यंत चेतना मेलेल्या कोंबड्यांचा ढीग दुखऱ्या हातानं उपसत राहिली. खाली दबलेल्या काही अजून जिवंत होत्या.

योगेंद्र काही महिने तुरुंगात राहून जामिनावर सुटला. नोकरी गेली. जिमखान्यावरचा आणि फार्मवरचा, दोन्ही खटले अजून चालू आहेत. घटस्फोटाच्या कागदावर मात्र त्यानं सही केली. धनुबाई म्हणे आता लेकाच्या खोलीत एकटी जात नाही. मारायला त्याच्या हाताला घरात दुसरी बाई उरलेली नाही.

चेतनाचा उजवा हात खांद्यातून वर उचलला जात नाही. झोपेत ती अजून मुठी आवळते, आणि एकदा जागं करायला आलेल्या रुपाच्या ओठाला तिची मूठ लागली. दोघी बहिणी तेव्हा कॉटवर बसून रडल्या. फार्मवर तिच्या नावाची एक शेड आहे आता. पिल्लांचा टेम्पो पहाटे येतो. ती खोकी उतरवून घेते, दिवे लावते, आणि ऊब नीट बसेपर्यंत पिल्लांमध्ये उकिडवी बसून राहते.