आबांचा फुटाणा

जगातल्या कोणत्याही प्राण्याला, आणि त्यात वायरमन, पोस्टमन, दूधवाले सगळे आले, एका फुटाण्यात शहाणं करता येतं असं मानणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो मळवलीत माझ्या शेजारी राहतो. मी ज्या बंगल्याची राखण करतो, त्याच्या कुंपणाला लागूनच त्यांची भातखाचरं आहेत. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या बंडीच्या उजव्या खिशात कायम फुटाणे असतात. लाईट गेल्यावर वायरमन सांगितलेल्या वेळेला आला, की आबा त्याच्या तळहातावर एक फुटाणा ठेवतात. एकच. तो बिचारा फुटाणा खाऊन मगच खांबावर चढतो, आणि मी नीट पाहिलंय, पुढच्या वेळी तो आणखी लवकर येतो. एकदा चहात साखर बेताची पडली म्हणून आबांनी खुद्द मावशींपुढे, म्हणजे त्यांच्या बायकोपुढे, फुटाणा धरला होता. मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या तो खिशातच. चाळीस वर्सं माज्या हातचा चहा पिताय. दात हुते तवा का न्हाई दिला?"

पण आबा पहिल्यापासून असे नव्हते. चार वर्षांपूर्वी मी वाशीमकडून इथं आलो, तेव्हा ते फुटाण्यासाठी नाही, काठीसाठी प्रसिद्ध होते. आसपासच्या कुणाचं कुत्रं बिघडलं की ते आबांकडे यायचं. "कुत्र्याला धाक पायजे," ते सांगायचे. "धाक न्हाई तर ते कुत्रं न्हाई, पाव्हणा हाय." आणि मग माझ्याकडे बघायचे, कारण ते मला आजही पाव्हणंच म्हणतात. त्यांची रीत सोपी होती. हाक मारायची, नाही आलं तर एक काठी, उशिरा आलं तर अर्धी. या रीतीने तयार झालेला त्यांचा स्वतःचा कुत्रा म्हणजे कंडक्टर. लहानपणी तो थांब्यावर आलेल्या एसटीत चढून मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हुंगून यायचा, म्हणून हे नाव. मी पाहिला तेव्हा मात्र तो म्हातारा आणि गप्प होता. आबा "बस" म्हणाले की पाय कापल्यासारखा खाली बसायचा. खरं सांगायचं तर कुंपणाच्या अलीकडे मीही दोनदा बसलोय. मी सहावीतून शाळा सोडली ती गुरुजींच्या छडीपायी, त्यामुळे कुणीही काठी उचलली की माझे खांदे आपोआप कानापर्यंत जातात.

मग आमच्या मालकांनी कोको नावाचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं आणि माझी झोप उडाली. कुत्रं बिघडलं तर नाव राखणदाराचंच जाणार. पण मालक भले. त्यांनी दर शनिवारी पुण्याहून एक ट्रेनरताई बोलावली. तिच्या कमरेला पिशवी आणि पिशवीत उकडलेल्या चिकनचे तुकडे. कोको बसली की लगेच "गुड" आणि एक तुकडा. ना काठी, ना ओरडणं. आबा काठी टेकून कुंपणापाशी उभे, पायाशी कंडक्टर.

"लाच दिऊन कामं करून घ्यायची व्हय, पोरी? हे तर आमाला सरकारी हापिसातच जमतंय."

"बक्षीस आहे हो आबा. लाच आधी देतात, बक्षीस नंतर."

"बघू तर तुजं बक्षीस."

दोघांनी एकदम "बस" म्हटलं. कंडक्टर शब्द पुरा व्हायच्या आत बसला. कोको फुलपाखरामागं गेली, तिकडून आली, माझी चप्पल चावली आणि तिसऱ्या हाकेला बसली. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हरलो तो मीच.

"तुमचा लई झटकन बसतो," ताई म्हणाली. "पण आबा, त्याचे कान बघा."

कंडक्टरचे कान मागं डोक्याला चिकटले होते आणि शेपूट पोटाखाली. कोकोचे कान गालांवर हलत होते, शेपटीने ती अंगण झाडत होती.

"बोलावल्यावर येतो ना तुमच्याकडे?"

"न येऊन सांगतो कुणाला." आबांनी हाक मारली. कंडक्टर पोट जमिनीला घासत आला आणि दोन हात अंतरावर थांबला. पुढे आलाच नाही.

आठवडाभर आबा कुंपणाकडे फिरकले नाहीत. पुढच्या शनिवारी ताई यायच्या आधीच फाटकात उभे. "पोरी, बारा वर्साच्या कुत्र्याला जमंल का गं तुजं ते? मला बस-ऊठ नको. त्यानं आपणहून माज्याजवळ यावं. कान वर करून. येकदा आला तरी बास."

ताईने नियम सांगितले. काठी अजिबात हातात नको. नावाने हाक नको, कारण त्या नावावर त्याने मार खाल्लाय. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. आणि बक्षीस त्याच क्षणाला, अर्धा मिनिट उशीर झाला तर कुत्र्याला कशाचं मिळालं ते कळत नाही. आबा माळकरी, चिकनला हात लावणार नाहीत, म्हणून फुटाणे. अन् वेळ साधायचा सराव पाहिजे म्हणून आबांनी तो माणसांवर सुरू केला. वायरमनचं प्रकरण तिथलं.

नावाऐवजी त्यांनी डब्यात फुटाणे खुळखुळवायचं ठरवलं. चौथ्या दिवशी मळवलीतली अकरा बेवारशी कुत्री त्यांच्या खळ्यावर येऊन ओळीत बसली, कान वर, शेपट्या हलताहेत. कंडक्टर एकटा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली. मावशी सूप आपटत म्हणाल्या, "समदं गाव शिकून शानं झालं. तुमचा इद्यार्थी तेवडा गैरहजर."

खरी पंचाईत काठीची झाली. आबांचा डावा गुडघा धरतो, काठीवाचून त्यांना चालवत नाही. पण त्यांनी ती गोठ्याच्या आढ्यात खोचली ती खोचलीच. छत्री धरून पाहिली, कंडक्टर छत्रीलाही दबला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून बांधावरून चालू लागले, दोरीवरच्या डोंबाऱ्यासारखे. एक दिवस मध्येच थांबले.

"पाव्हणं, मी हात ठिवला की तुमी खांदा का आवळता वो?"

मी गुरुजींची गोष्ट सांगितली. छडी कशी लवायची तेही सांगितलं, जे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आबांनी खिशात हात घातला. मग माझ्या तळहातावर एक फुटाणा ठेवला.

"हा कशाबद्दल, आबा?"

"सांगितलंत, त्याबद्दल."

भात कापून झाल्यावर ते रोज दिवस मावळताना बांधावर बसायचे, ट्रॉलीकडे पाठ करून, फुटाण्याचा हात मागे पसरून. बघायचं नाही हा नियम, म्हणून बघायचं काम माझ्याकडे. "कुटं हाय?" ते ओठ न हलवता विचारायचे. "ट्रॉलीखाली." दुसऱ्या आठवड्यात, "चाकापाशी." दिवाळी उलटली तेव्हा, "पेंढीपाशी, आबा." त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी चांगली बातमी दिल्यासारखा ताठ बसलो होतो.

आणि एका संध्याकाळी कंडक्टर उठला. अंग झाडलं, पेंढी ओलांडली, आबांचा हात हुंगला, फुटाण्याला तोंड लावलं नाही, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून बसला.

"कोन हाय मागं?"

"तोच आहे."

"कान?"

मला खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलवेना. "एक वर आहे, आबा. दुसरा अर्धा."

"बास," आबा म्हणाले. सगळ्या गावाला वेळेचं महत्त्व शिकवणारे आबा त्या वेळी फुटाणा द्यायलाच विसरले. उठताना मूठ उघडली तर तो तसाच होता, घामाने ओला.

कंडक्टर त्यानंतर एक उन्हाळा काढून गेला. बांधावर जिथं ते दोघं पाठीला पाठ लावून बसायचे, तिथंच त्याला मातीत ठेवलंय. आबांचा गुडघा आता फारच धरतो, आणि घाबरणारं कुणी घरात उरलेलं नाही, म्हणून मावशींनीच आढ्यातली काठी काढून त्यांच्या हातात दिली. ती टेकत ते रोज कोकोला बघायला येतात. पण आमच्या फाटकापाशी आले की काठी बाहेर भिंतीला उभी करतात, आणि भिंतीला धरत, लंगडत आत येतात. मी म्हटलं, आबा, आणा की काठी आत, कोकोने कधी मार खाल्लेला नाही, ती काठीला खेळणं समजते.

आबा पायरीवर टेकले, खिशात हात घालून फुटाणे चाचपले.

"कोकोसाटी न्हाई, पाव्हणं," माझ्या खांद्यांकडे बघत म्हणाले.