सोवळ्यातली राख

जिन्याखालच्या फळीला हात टेकला आणि चटका बसला. सावलीतली लाकडी फळी इतकी गरम कशी?

मी तेव्हा नाशिक मुन्सिपाल्टीत सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. यात्रेच्या दिवसांत पंचवटीत यात्रेकरू उतरतात ती घरं तपासून लायसन्स द्यायचं, हे माझं काम. हे घर विनायकभटांचं. यात्रेकरूंच्या चुलींचा धूर घरभर होता, त्यामुळे जळका वास वेगळा कळत नव्हता.

"भटजी, या फळीमागे काय आहे?"

"काही नाही हो. आमच्या काकूंची राखेची टोपली. भांडी घासायला."

"आणि वरती?"

"वर माझी बाडं."

बाडं म्हणजे यजमानांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावं लिहिलेल्या वह्या. त्यांच्यावरच उपाध्यायाचं घर चालतं. गेल्या तर पुन्हा लिहिता येत नाहीत.

मी फळीचं दार उघडायला गेलो तर काकू आडव्या आल्या. "हात लावू नका! बूट घालून गावभर हिंडता तुम्ही. सोवळ्यातली राख आहे ती."

"काकू, आत विस्तव आहे."

"कसला विस्तव? तीस वर्षं याच टोपलीत टाकतेय मी!"

माझं डोकंच फिरलं. "मग तुम्हीच काढा! पण आत्ताच्या आत्ता!"

काकूंनी फणकाऱ्यानं दार उघडलं, टोपली ओढली. काठ हातात आला, बूड तिथंच राहिलं. वारा लागताच निखारे फुलले आणि मागच्या फळीनं पेट घेतला. "माझी बाडं!" म्हणत भटजी जिन्याकडे धावले. जिना त्याच आगीवर. मी त्यांचं उपरणं घट्ट धरून ठेवलं.

काकू क्षणभर थांबल्या. मग स्वयंपाकाच्या सोवळ्याच्या पाण्याचा हंडा उचलून त्यांनी आगीवर ओतला.

"बघताय काय? तो दुसरा हंडा आणा!"

"मी? माझे बूट..."

"चुलीत गेले तुमचे बूट! आणा म्हणते ना!"

तिसऱ्या हंड्याला आग विझली. वरची तक्तपोशी खालून काळी पडली होती. एका बाडाचा रुमाल करपला होता, आतली पानं शाबूत होती. भटजी ते बाड मांडीवर घेऊन लहान मुलासारखे रडले.

मग उलगडा झाला. एरवी घरची राख रात्रभर चुलीतच निवायची. यात्रेत मात्र एका कुटुंबाचं जेवण झालं की चूल सारवून शुद्ध करायची, मगच दुसऱ्याचा स्वयंपाक. त्या घाईत राख गरमच उचलली जात होती.

राख रॉकेलच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, पाणी मारून, अंगणात ठेवा, असं मी सांगितलं. "रॉकेलचा डबा? माझ्या घरात नाही," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी तांब्याचं जुनं घंगाळ काढलं. मी लायसन्सवर सही केली.

करडी झाली म्हणजे राख विझली असं नाही. आमच्या छापील फॉर्मात चूल, छप्पर, मोरी, सगळ्याला रकाना होता. राखेला नव्हता, म्हणून मीही इतकी वर्षं कुठल्याच घरी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी ऑफिसात बसून उरलेल्या सगळ्या फॉर्मांवर तो रकाना मी हातानं आखला.