अण्णांचा बंब

चंदीगडात, अतिरेक्यांच्या स्फोटांच्या त्या दिवसांत, एक शब्द मोठ्यानं उच्चारायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. बसमध्ये बेवारस डबा दिसला की लोक खाली उड्या टाकायचे. पंजाबीत बॉम्बला म्हणतात बंब, आणि नेमका तोच शब्द सुनेत्राच्या घरात उजाडल्यापासून गर्जायचा. "बंब पेटला का? अगं, बंब कुठं ठेवलाय?"

अण्णा तिचे सासरे. सांगलीच्या घरी तांब्याचा बंब पेटवणं हे त्यांचं काम. ढलप्या, गोवऱ्या, फुंकर, धूर, आणि मग सगळ्या घराच्या आंघोळी. जन्मभर दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता डोक्यातलं एकेक पुसत चाललं होतं. मुलाचं नाव गेलं, जेवलो की नाही तेही गेलं, बंब तेवढा राहिला. डॉक्टरांनी "उमर का तकाजा है", वयाचंच हे, म्हणून टॉनिक लिहून दिलं, झालं. नवरा श्यामकांत हवाई दलात, महिन्यातले निम्मे दिवस सरहद्दीकडच्या तळावर. मागे उरली सुनेत्रा, आणि दिवसरात्रीचे अण्णा.

जीव नुसता टांगणीला. भाजी चिरताना कान दाराकडे, आंघोळीला गेली तरी न्हाणीची कडी उघडीच. शेजारी गुरबचन कौर राहायच्या, साऱ्या गल्लीच्या बीजी. त्यांच्या मुलाला पोलिसांनी एकदा चौकशीसाठी उचललं होतं, तेव्हापासून त्या घरात रेडिओसुद्धा हळू लागायचा. म्हणून अण्णांनी "बंब" म्हटलं की सुनेत्रा धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवायची. एकदा ते तिच्या हाताला कडकडून चावले. तिला भयंकर राग आला, आणि त्या रागाचीच मग दिवसभर लाज वाटत राहिली.

शेवटी गुरबचन कौर दारात आल्याच. "बेटा, तुम्हारे घर में सुबह-सुबह बंब-बंब कौन करता है?"

सांगून टाकायचं की नाही सरळ? पण नाही. सासरे भ्रमिष्ट झालेत म्हणायला हिची जीभ रेटेना. "कुछ नहीं, बीजी. भजन करते हैं. शंकरजी का. बम बम."

बीजी तिच्याकडे नीट पाहून निघून गेल्या.

त्याच आठवड्यात सुनेत्रा दूध आणायला बाहेर पडली आणि कडी घालायची विसरली. परत येते तो दार सताड उघडं, कानटोपी खुंटीवर, अण्णा नाहीत. ती तशीच पळत सुटली. बसथांब्यावरची माणसं रस्ता ओलांडून पलीकडे पांगली होती. मधल्या मोकळ्या जागेत अण्णा एकटे, हातात फुगलेली कापडी पिशवी. समोर बंदूक रोखून नाक्यावरचा जवान. तो "थैली नीचे रख" म्हणून ओरडत होता, आणि अण्णा पिशवी छातीशी धरून त्याची समजूत घालत होते, "अहो, बंबासाठी आहे. बंब पेटवायचाय."

सुनेत्रा धावत पुढे झाली. "ये बीमार हैं," ती म्हणाली. "बंब मतलब वो नहीं. वो तांबे का... बीच में आग डालते हैं..." ऐन वेळी हिंदीनं दगा दिला. आग ऐकल्यावर तर जवान आणखीच ताठ झाला.

गुरुद्वाऱ्यातून परतणाऱ्या बीजी त्या गर्दीत होत्या. त्यांच्या घरावर आधीच पोलिसांची नजर. खरं तर त्यांनी मान खाली घालून निघून जायचं. पण त्या सरळ चालत पुढे आल्या आणि सुनेत्राला विचारलं, "हमाम? नहाने का पानी? लकड़ी वाला?"

"हो, हो, तेच," सुनेत्रा मराठीतच म्हणाली.

बीजींनी अण्णांच्या हातातून पिशवी अलगद सोडवली आणि रस्त्यावर उपडी केली. वाळक्या काटक्या आणि निलगिरीची साल. जवानानं शिव्या घालत बंदूक खाली घेतली. अण्णा खाली बसून काटक्या वेचायला लागले.

घरी येताना बीजी एवढंच म्हणाल्या, "भजन, है ना?" तेव्हा मात्र सुनेत्रा भर रस्त्यात हमसून रडली, आणि सगळं सांगून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी बीजींच्या अडगळीतला जुना हमाम सुनेत्राच्या मागच्या अंगणात आला. सांगलीच्या बंबाचा सख्खा भाऊच. अण्णांनी तोटी फिरवून पाहिली आणि कुणाला जवळ न फिरकू देता ढलप्या रचल्या. बीजी रोज सकाळी तिथं वेताचा मूढा, बसकं स्टूल, टाकून विणत बसू लागल्या. "मैं बैठी हूँ. तू कुंडी लगाकर नहा ले." कित्येक महिन्यांनी सुनेत्रानं कडी लावून आंघोळ केली. नाक्यावरच्या जवानांनाही बीजींनी दटावून ठेवलं. अण्णा सटकलेच तर त्यांच्यातलाच कुणी हाताला धरून आणायचा. "चलो बाऊजी, आपका बंब बुझ जाएगा."

शहर काही निवळलं नव्हतं. कर्फ्यू लागायचा, श्यामकांतचा फोन येईपर्यंत घास उतरायचा नाही. पण आता काळजी करायला दोघी होत्या.

पुढच्या हिवाळ्यात बीजी जरा आजारी पडल्या, अंगणात येईनात. एका सकाळी त्यांनी भिंतीपलीकडून हाक मारली. "सुनेत्रा, आज बाऊजी बोले नहीं?"

अण्णा हमामासमोर बसले होते. हातात ढलपी, पण ती कुठं घालायची ते कळत नव्हतं. सुनेत्रानं हातातलं काम टाकलं. ती त्यांच्यापुढे उकिडवी बसली. ज्या तोंडावर हात दाबायची, त्याच तोंडाकडे बघत म्हणाली, "अण्णा, हे काय आहे? म्हणा ना. बं..."

अण्णा तिच्याकडे परक्यासारखे बघत राहिले.

आणि त्या सालात, त्या शहरात, गुरबचन कौर भिंतीपलीकडून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या, "बंब, बाऊजी. बोलो, बंब."